तारा दिसण्याआधीचे काम

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



परवा चतुर्थी झाली. त्या दिवशी चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला आजीने सांगितलेली असणार. यंदा बंगळूरच्या ढगांनी आपल्या सर्वांची काळजी घेतली, चंद्र कोणालाच दिसला नाही. पण गंमत अशी की चंद्राकडे पाठ फिरवणारे आपणच नाही. मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनाही चंद्र नकोच असतो. चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चंद्र रोज वाढतो, आकाश उजळते आणि अंधुक दीर्घिका त्या उजेडात बुडून जातात. त्यात हा पावसाळा. म्हणजे आपल्या उत्सवाचे दहा दिवस दुर्बिणीच्या दृष्टीने अगदी निकामी. मग या दिवसांत तिथली माणसे काय करतात? तयारी करतात. आज मला या तयारीबद्दलच बोलायचे आहे.

कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी "मोठी दुर्बीण रात्रीसाठी कशी तयार करतात" असे सांगितले. एक-दोघांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसले. मी रेल्वेत रुळांचे काम पाहतो, शिक्षण डिप्लोमा. कृष्णविवरांबद्दल मी बोलू लागलो तर तुम्ही मला खाली बसवावे. पण दुर्बीण हे यंत्र आहे. त्यात पोलाद आहे, स्क्रू आहेत, बेअरिंग आहेत, आणि तापमान वाढले-उतरले की ते सगळे लांबते-आखडते. या विषयावर बोलायला मला अजिबात संकोच नाही.

आपल्या बंगळूरपासून जेमतेम दोनशे किलोमीटरच्या आत, तमिळनाडूतल्या जवादी टेकड्यांत कावलूर नावाचे गाव आहे. आपल्यापैकी जे चेन्नईच्या गाडीने जातात त्यांना जोलारपेट्टै जंक्शन ठाऊक असेल. पुढे वाणियंबाडी लागते. तिथून आलंगायममार्गे रस्ता वर चढतो आणि सव्वासातशे मीटर उंचीवर झाडीतून पांढरे घुमट दिसू लागतात. ही वेणू बाप्पू वेधशाळा. ती चालवते आपल्या कोरमंगलातली भारतीय खगोलभौतिकी संस्था. कोरमंगलात राहणाऱ्या किती जणांनी ही संस्था बाहेरून तरी पाहिली आहे, हे मी आज विचारत नाही.

डॉ. वेणू बाप्पू हे या सगळ्याचे कर्तेधर्ते. १९६८ साली त्यांनी कावलूरला अवघ्या ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने सुरुवात केली, आणि तीही कोडाईकनालच्या वेधशाळेत आपल्याच लोकांनी बनवलेली. १९७२ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीची एक मीटरची दुर्बीण आली. पण बाप्पूंना मोठी दुर्बीण हवी होती आणि ती इथेच बनवायची होती. २.३४ मीटर व्यासाचा आरसा. काचेचा ठोकळा परदेशातून आणला, पण तो घासून, पॉलिश करून आरसा तयार केला तो संस्थेच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत. आणि आता आपल्या लोकांनी कान टवकारावेत. त्या दुर्बिणीचा प्रचंड पोलादी सांगाडा तयार झाला इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला! उसाच्या चरकांसाठी आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांसाठी ज्या कारखान्याचे नाव आपल्याला माहीत, त्याच कारखान्यात. बाप्पू १९८२ साली गेले, दुर्बीण त्यांना पाहता आली नाही. ६ जानेवारी १९८६ रोजी तिला त्यांचे नाव दिले गेले. पुढे २०१६ मध्ये नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आली तोपर्यंत आपल्या देशात हिच्याहून मोठी प्रकाशीय दुर्बीण नव्हती.

मोठी म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट करतो, कारण यात फार गैरसमज आहे. मुले पहिला प्रश्न विचारतात, "काका, किती पट मोठे दिसते?" दुर्बिणीचे मुख्य काम मोठे दाखवणे नव्हे, प्रकाश गोळा करणे. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. तिच्या तुलनेत २.३४ मीटरचा आरसा सुमारे १ लाख ११ हजार पट प्रकाश गोळा करतो. हा सगळा प्रकाश आरशापासून सुमारे ७.६ मीटरवर एका बिंदूत आणायचा असतो. आजचे सगळे भाषण या एका वाक्यातल्या "बिंदूत" या शब्दाबद्दल आहे.

आधी आरसा. काच स्वतः फार थोडा प्रकाश परत पाठवते. परावर्तनाचे काम करतो काचेवरचा ॲल्युमिनियमचा थर. काही वर्षांत धूळ, दमट हवा आणि परागकण यांनी तो थर खराब होतो. मग आरसा सांगाड्यातून उतरवायचा. ऐकायला सोपे वाटते, पण काही टनांची ती काच क्रेनला लटकलेली असताना खाली उभे राहणाऱ्या माणसाच्या पोटात काय होत असेल, हे गर्डर चढवताना उभे राहिलेल्या माणसाला विचारा. जुना थर रसायनांनी काढायचा, काच पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, कोरडी करायची, आणि मोठ्या निर्वात टाकीत ठेवायची. टाकीतली हवा काढून घेतात आणि आत तापलेल्या तारांवर ॲल्युमिनियमची वाफ करतात. ती वाफ काचेवर बसते. थराची जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. मी हिशेब केला, आरशाचे क्षेत्रफळ सुमारे ४.३ चौरस मीटर आहे, त्यावर बसलेल्या ॲल्युमिनियमचे वजन होते सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. पेढ्यावरचा वर्खही याच्यापुढे जाडाभरडा म्हणावा लागेल. एवढे मोठे पोलाद, एवढी मोठी काच, एवढा मोठा घुमट, आणि प्रत्यक्ष ताऱ्याला सामोरा जातो तो हा सव्वा ग्रॅम. अशी मोठी कामे साधारणपणे ढगांच्या महिन्यांत काढतात, आपल्याकडे गणपतीच्या सजावटीची धांदल चालू असते तेव्हा. कावलूरला दोन्ही मोसमी पावसांचा त्रास आहे, त्यामुळे खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल-मे.

आता हंगामातला एक दिवस घेऊ. रात्रीचे काम दुपारीच सुरू होते. कॅमेऱ्याची चिप गार असावी लागते, नाहीतर तिच्या स्वतःच्या उष्णतेनेच चित्रात खोटे ठिपके येतात. म्हणून अशा अनेक कॅमेऱ्यांमध्ये उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन भरतात. भरणारा माणूस हातमोजे घालून, दरवाजे उघडे ठेवून ते काम करतो. मग शटर न उघडता काही नोंदी घेतात, म्हणजे चिप अंधारातही किती "बडबड" करते ते कळते आणि नंतर ते वजा करता येते.

सूर्य मावळायच्या सुमारास घुमट उघडतात. का? आपण एप्रिल महिन्यात दुपारी प्लॅटफॉर्मवर उभे राहून लांबवर रुळांकडे पाहिले असेल. रुळावरची हवा थरथरते, समोरून येणारी गाडी पाण्यात हलल्यासारखी दिसते. घुमटात दिवसभर कोंडलेली गरम हवा असेल आणि बाहेर संध्याकाळची गार हवा, तर फटीतून नेमकी अशीच थरथर वर जाते, आणि ताऱ्याचा प्रकाश तिच्यातूनच खाली यायचा असतो. आरसा कितीही उत्तम असो, त्या थरथरीपुढे तो हतबल. म्हणून आतले आणि बाहेरचे तापमान एकमेकांच्या जवळ आल्याशिवाय चांगल्या चित्राची आशा नसते. घुमटात कोणी उगीच दिवा किंवा हीटर लावला तर जाणती मंडळी रागावतात ते याच कारणाने. त्याच वेळी आर्द्रतेच्या काट्यावर लक्ष. हवा फार दमट झाली तर आरशावर दव धरते, आणि मग आकाश कितीही निरभ्र असो, घुमट बंद. निरीक्षकाला त्या रात्रीचा वेळ कित्येक महिने आधी अर्ज करून मिळालेला असतो. तरीही बंद म्हणजे बंद. वादळी वाऱ्यात पुलावरून गाडी थांबवणारा आमचा माणूस जसा कोणाचे ऐकत नाही तसेच हे.

संधिप्रकाशाची ती दहा-पंधरा मिनिटे फार धावपळीची. आकाश सारखे उजळलेले असते, तारे अजून उमटायचे असतात. तेवढ्यात कोऱ्या आकाशाची छायाचित्रे घ्यायची. चिपचा कोणता कोपरा जास्त संवेदनशील, कुठे धुळीचा कण बसला आहे, ते यावरून कळते. अंधार दर मिनिटाला वाढतो, म्हणून प्रत्येक चित्राला आधीच्यापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. मग एक ठळक ओळखीचा तारा धरून दुर्बीण सांगितल्या जागी बघते की नाही हे तपासायचे. पृथ्वीची गिरकी ताऱ्यांच्या हिशेबाने २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची, त्याच चालीने दुर्बीण उलट फिरत राहते.

आणि आता फोकस. इथे मला थोडा जास्त वेळ द्या.

मोठ्या दुर्बिणीची नळी ही खरे तर नळी नसतेच. पोलादी दांड्यांचा उघडा सांगाडा असतो, आपल्या ट्रस पुलासारखा. अमेरिकेत पालोमारची पाच मीटरची दुर्बीण बांधताना मार्क सेरुरिए नावाच्या इंजिनियरने एक युक्ती काढली. सांगाडा वाकणारच, तो वाकू नये म्हणून भांडायचे नाही. वरचे टोक आणि खालचे टोक सारखेच आणि समांतर खाली येईल असे दांडे बसवायचे, म्हणजे दोन्हींची एकमेकांशी रेषा तुटत नाही. मला ही कल्पना वाचल्या दिवसापासून आवडते. वाकण्याला असे उत्तर निघाले. पण लांबण्या-आखडण्याला असे उत्तर नाही.

आम्ही रुळवाले तापमानाला फार भितो. पोलाद एक अंशाने तापले की दर मीटरला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडे जास्त लांबते. तेरा मीटरचा एक रूळ एका अंशाला ०.१५ मिलिमीटर. दिसायला काहीच नाही. पण उन्हाळ्यात रुळाचे तापमान साठीला टेकते, पहाटे खूप उतरते, आणि लांब वेल्डेड रुळाला पसरायला जागाच नसते. म्हणून आम्ही ठरलेल्या तापमानाला रूळ ताणमुक्त करून बसवतो, त्याला डिस्ट्रेसिंग म्हणतात, आणि कडक उन्हात दुपारी माणसे गस्त घालतात. रूळ वाकडा झाला तर काय होते ते सांगायला नको.

आता तोच हिशेब कावलूरला लावा. आरशाची काच झेरोडूर नावाची, ती तापमानाने जवळजवळ हलतच नाही. पण आरसा आणि वरचे फोकसचे ठिकाण यांच्यामध्ये सुमारे ७.६ मीटर पोलाद आहे. एका अंशाला ते ०.०९ मिलिमीटरने आखडते. समजा संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पाच अंश तापमान उतरले, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर. रेल्वेत मी अर्ध्या मिलिमीटरसाठी कोणाला झोपेतून उठवणार नाही. इथे काय होते ते पाहा. प्रकाशाचा शंकू फार रुंद आहे, त्यामुळे फोकस ०.४५ मिलिमीटर सरकला की ताऱ्याचा ठिपका सुमारे ०.१४ मिलिमीटर पसरतो. आणि त्या ठिकाणी आहे काय? या दुर्बिणीवर एक वर्णपटमापक आहे, तो तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेला. वर गोळा झालेला ताऱ्याचा प्रकाश त्याच्यापर्यंत सुमारे ४५ मीटर लांबीच्या काचतंतूतून आणतात. त्या तंतूचे तोंड आहे फक्त ०.१ मिलिमीटर! म्हणजे सुईच्या नेढ्याहून बारीक भोक आणि त्यापेक्षा मोठा झालेला ठिपका. एक लाख अकरा हजार पट गोळा केलेल्या प्रकाशातला मोठा भाग तंतूच्या बाहेर सांडून जातो. पडद्यावर काही मोडलेले दिसत नाही, घंटा वाजत नाही. आलेख नुसता फिका येतो. निरीक्षकाला वाटते तारा मंद आहे, आकाश बरे नाही. खरे म्हणजे पोलाद गार झालेले असते.

म्हणून फोकस एकदा लावून विसरायची गोष्ट नाही. तो कसा लावतात ते सांगतो. फार तेजस्वी तारा घेत नाहीत, कारण त्याने चिप भरून वाहते. मध्यम तारा घ्यायचा, आणि शक्यतो ज्या भागात रात्री काम करायचे त्याच भागातला, कारण दुर्बीण कलली की फोकस किंचित हलतो. फोकसचा स्क्रू मुद्दाम एका बाजूला बराच लांब न्यायचा. तिथे पाच-दहा सेकंदांचे चित्र. मग दुर्बीण जराशी सरकवायची, स्क्रू एक पायरी पुढे, त्याच चौकटीत पुन्हा चित्र. असे सहा-सात वेळा. एका ओळीत सहा-सात ठिपके उमटतात, पहिल्या दोघांत अंतर जास्त ठेवतात म्हणजे ओळ कुठून सुरू झाली ते कळते. पहिला ठिपका पसरलेला, मग लहान, आणखी लहान, मग पुन्हा मोठा. रुंदी मोजून कागदावर मांडली की आलेख खोलगट वाटीसारखा येतो. वाटीचा तळ तो फोकस. एकाच ठिपक्याकडे बघून "हा छान दिसतोय" म्हणणे चालत नाही. दोन्ही बाजूंनी बिघडवून पाहिल्याशिवाय मधले बरोबर कोणते ते समजत नाही.

एक बारकावा फिटर मंडळींना लगेच कळेल. प्रत्येक स्क्रूला थोडा प्ले असतो. पुढे नेला आणि मागे आणला तर काटा तोच आकडा दाखवतो पण कॅमेरा त्याच जागी नसतो. म्हणून फोकसला नेहमी एकाच बाजूने यायचे. पुढे गेलात तर पार मागे जा आणि पुन्हा त्याच बाजूने या. आणि चित्र पाच-दहा सेकंदांचेच का? कारण हवेमुळे तारा नाचतो. एका सेकंदाच्या चित्रात तो नाच फसवतो, थोडा वेळ दिला की सरासरी मिळते. चांगल्या रात्रीही हवेमुळे ठिपका दीड-दोन विकलांचा होतो. दोन विकला म्हणजे अडीच सेंटिमीटरचे नाणे अडीच किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढे. त्याहून लहान ठिपका करणे आपल्या हातात नाही. त्याहून मोठा होऊ न देणे मात्र आहे.

फोकस बिघडवलेला तारा कसा दिसतो माहीत आहे? अगदी मेदुवड्यासारखा! आरशाच्या मध्यावर कॅमेऱ्याची सावली पडते, म्हणून मधे भोक. बंगळूरकरांना ही खूण विसरायला होणार नाही. भोक बरोबर मधोमध असेल तर आरसे एका रेषेत आहेत. एका बाजूला सरकले असेल तर रेषा बिघडली आहे, मग फोकसशी कितीही झटापट करा, तारा एका बाजूला शेपटी काढणार. म्हणून आधी वडा पाहायचा, मग फोकस.

(इथे पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "काका, मोबाइलचा कॅमेरा आपोआप फोकस करतो, मग यांना एवढा त्रास का?")

छान प्रश्न आहे. मोबाइलही आतून हेच करतो, भिंग पुढेमागे हलवून कुठे स्पष्ट दिसते ते शोधतो. फक्त त्याला भरपूर उजेड मिळतो आणि त्याचे भिंग नखाएवढे आहे. मोठ्या दुर्बिणींतही आता संगणक ही वाटी स्वतः काढतात, तापमान बघून स्क्रू स्वतः सरकवतात. पण किती अंशाला किती सरकवायचे हा आकडा त्यांना दिला कोणी? कोणीतरी कित्येक रात्री बसून, दर तासाला तापमान आणि फोकस वहीत लिहिले तेव्हा तो मिळाला.

या एवढ्या खटाटोपाने बिघडते-सुधारते काय, हे सांगायला कावलूरचीच एक रात्र सांगतो. १० मार्च १९७७. युरेनस ग्रह एका ताऱ्याच्या समोरून जाणार होता. अशा वेळी ताऱ्याचा प्रकाश कसा मावळतो त्यावरून ग्रहाची माहिती मिळते. कावलूरला एक मीटरच्या दुर्बिणीवर डॉ. जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी होते. तिकडे हिंदी महासागरावर अमेरिकेचे एक विमान आत दुर्बीण घेऊन उडत होते. ठरल्या वेळेच्या आधीच ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद एकदम घसरला आणि पुन्हा पूर्ववत झाला. ढग नव्हता. कावलूरच्या मंडळींना प्रथम वाटले की युरेनसचा एखादा नवा उपग्रह आडवा आला असावा. विमानातल्या चमूने असे एकाहून अधिक घसारे टिपले होते. सगळे जुळवल्यावर निष्पन्न झाले ते असे की युरेनसला कडी आहेत. शनीला सोडून दुसऱ्या ग्रहाला कडी असल्याचे माणसाला तेव्हा प्रथमच कळले.

यातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द "आधीच". भाकितात चूक असू शकते म्हणून विमानवाल्यांनी नोंदणी बरीच लवकर सुरू केली होती. कावलूरची दुर्बीणही वेळेआधी ताऱ्यावर स्थिर होती. ठरल्या वेळी फोकस लावायला घेतला असता तर ते सेकंद निघून गेले असते, आणि निघून गेले हे कोणाला कळलेही नसते.

याहून जुनी गोष्ट आपल्या मुलखातली. दौंड-कुर्डुवाडी मार्गावर जेऊर स्टेशन आहे. सोलापूरकडच्या मंडळींना तिथे गाडी थांबते एवढेच माहीत असेल. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन जेऊरला तळ देऊन होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी पेटाऱ्यांतून यंत्रे आणायची, माळावर पाया घालायचा, रात्री ताऱ्यांवर फोकस लावून ठेवायचा, माणसांकडून पुन्हा पुन्हा सराव करून घ्यायचा. नायगमवालांची पुण्यातली वीस इंची दुर्बीण भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून घेतलेली होती. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्याच कोडाईकनालच्या परंपरेतून पुढे बाप्पू आणि कावलूर. पुण्याची दुर्बीण दक्षिणेत गेली, वालचंदनगरचे पोलादही दक्षिणेत गेले, आणि आपण सर्वही नोकरीनिमित्ताने इथे आलो! असो.

कोणाला वाटेल की आता हे सगळे इतिहासजमा झाले. होसकोटेला, आपल्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, याच संस्थेचे एक केंद्र आहे. तिथे बसून निरीक्षक लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची दुर्बीण उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात. २००० साली तिने पहिला तारा पाहिला. माणूस होसकोटेला फिल्टर कॉफी घेतो आणि फोकसचा स्क्रू तिकडे शून्याखालच्या थंडीत फिरतो. वाटी मात्र तीच काढावी लागते. आणि घुमटावर बर्फ नाही ना, आरसा कोरडा आहे ना, हे बघायला तिथे रात्री जागणारी माणसे लागतातच. त्यांची नावे शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत येतात, कधी नुसते "कर्मचाऱ्यांचे आभार" असे. मला ते थोडे कमी वाटते.

हानलेचा परिसर २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचा राखीव प्रदेश म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांनी दिव्यांना झाकणे लावली, पडदे लावले. कावलूरच्या नशिबी एवढे नाही. टेकडीखालच्या गावांचा उजेड वाढतोच आहे. दिवा नको असे कोणी म्हणत नाही, पण वर आकाशात जाणारा उजेड कोणालाच उपयोगाचा नसतो. आपल्या मंडपाचे फ्लडलाइट मी आज येताना पाहिले, त्यातले निम्मे वर तोंड करून आहेत. सजावट समितीने रागावू नये, उद्या शिडी धरायला मी येतो.

शेवटी कामाचे. कावलूरची वेधशाळा लोकांना शनिवारी पाहता येते, पण निघण्यापूर्वी संस्थेकडे चौकशी करावी. आपली सहल पावसाळा संपल्यावर, जानेवारीत अमावास्येच्या जवळचा शनिवार बघून काढू. त्याआधी डिसेंबरमध्ये आपल्याच इमारतीच्या गच्चीवर माझी आठ इंची दुर्बीण लावायची ठरले आहे. कार्यक्रम साडेसातला, पण दुर्बीण मी साडेपाचलाच वर नेऊन ठेवणार आहे, तिला गार व्हायला वेळ लागतो. ज्या मुलांना फोकस स्वतः लावायचा असेल त्यांनी सहाला यावे. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद बांधून आणा, आणि गच्चीवरचा ट्यूबलाइट कृपया कोणी लावू नका.